पत्रपेटीवर तुमचेही नाव

वाचकाचे पत्र : माझे वय 36 आहे. मी औषधनिर्माणशास्त्राची पदवीधर असून गेली 9 वर्षे एका रुग्णालयाच्या औषध विभागात काम करते. माझ्या यजमानांना जर्मनीत हॅम्बुर्ग येथे सॉफ्टवेअर क्षेत्रातली नोकरी मिळाली असून सप्टेंबरमध्ये त्यांना ‘ब्लू कार्ड’वर, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणाऱ्या निवास परवान्यावर, रुजू व्हायचे आहे. आमची मुलगी पाच वर्षांची आहे. सासूबाई आमच्याजवळ राहतात, त्या आता मागे एकट्या राहतील. सामान काय न्यावे हे सगळे सांगतात. पण पोहोचल्यावर आधी काय करायचे, घर कसे मिळते, विम्याचे आणि मुलीच्या शाळेचे काय, हे कोणी नीट सांगत नाही. आणखी एक प्रश्न मी अजून कोणाला विचारलेला नाही. यजमानांना तिथे नोकरी आहे, मुलीला शाळा असेल; मी तिथे कोण असेन?

उत्तर :

तुमचा शेवटचा प्रश्न तुम्ही संकोचाने विचारला आहे, पण माझ्या मते तोच पहिला आहे. मी जर्मनीत 11 वर्षे राहिले आणि जोडीदाराच्या नोकरीनिमित्त आलेल्या अनेक सुशिक्षित स्त्रिया जवळून पाहिल्या. ज्यांच्या घरात जाण्याची सगळी तयारी केवळ नोकरी मिळालेल्या माणसाभोवती झाली, त्या स्त्रियांना पुढे दोन-तीन वर्षे स्वतःची जागा शोधण्यात घालवावी लागली. ज्यांनी निघण्यापूर्वीच स्वतःच्या नावाची वेगळी फाइल केली, त्यांचे दिवस तुलनेने सोपे गेले. म्हणून पुढचे प्रत्येक काम सांगताना त्यात तुमचा भाग कोणता, हेही मी सांगत जाणार आहे.

कायद्याने तुमची बाजू भक्कम आहे. ब्लू कार्डधारकाच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मन भाषेच्या परीक्षेचे प्रमाणपत्र द्यावे लागत नाही, आणि निवास परवाना मिळाला की कोणतीही नोकरी किंवा व्यवसाय करण्याची मुभा असते. मात्र हा परवाना सुरुवातीला तुमच्या विवाहावर आधारलेला असतो. जर्मनीत एकत्र राहून तीन वर्षे झाल्यावर तुम्हाला स्वतंत्र निवासाचा हक्क मिळू शकतो, किंवा त्याआधी तुम्ही स्वतः पात्र नोकरी मिळवलीत तर परवाना तुमच्या कामाच्या आधारावर बदलून घेता येतो. हे सांगण्यामागे कोणतीही अशुभ शंका नाही. आपला तिथला हक्क कशावर उभा आहे, हे प्रत्येक प्रौढ व्यक्तीला माहीत असावे, एवढेच मला म्हणायचे आहे.

आता कागदपत्रांकडे वळू, आणि त्यातही आधी नावांकडे. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे, मग आडनाव अशी रीत असल्यामुळे एकाच स्त्रीची तीन निरनिराळी नावे कागदोपत्री सापडतात. तुमची पदवी आणि औषधनिर्माण परिषदेची नोंदणी बहुधा माहेरच्या नावाने असेल, पासपोर्ट सासरच्या नावाने, आणि मुलीच्या जन्मदाखल्यावर आईचे नाव कदाचित तिसऱ्याच रूपात. जर्मन कार्यालयात पासपोर्टवर जसे नाव आहे तसेच, अक्षर न् अक्षर, धरले जाते. तुमचे मधले नाव तिथे तुमच्याच पहिल्या नावाचा भाग समजले जाते, आणि दोन कागदांवर दोन नावे दिसली की पुढचे काम थांबते. तेव्हा निघण्यापूर्वी तिघांचेही सर्व कागद एका टेबलावर मांडा, नावांची आणि जन्मतारखांची तुलना करा, ज्या दुरुस्त्या शक्य असतील त्या आत्ताच करून घ्या, आणि जिथे नाव बदलणे शक्य नाही तिथे ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत हे सांगणारा राजपत्रातील उतारा किंवा प्रतिज्ञापत्र सोबत ठेवा. परदेशातून ही कामे करणे अतिशय कष्टाचे असते.

अपोस्टिलबद्दल, म्हणजे दाखला परदेशात चालावा म्हणून त्यावर घेतल्या जाणाऱ्या सरकारी शिक्क्याबद्दल, एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. भारत 2005 मध्ये अपोस्टिल करारात सामील झाला, पण जर्मनीने भारताच्या प्रवेशावर आक्षेप नोंदवला. त्यामुळे भारतीय दाखल्यावर अपोस्टिलचा शिक्का असला तरी जर्मन कार्यालयावर तो मान्य करण्याचे बंधन नसते. शंका आल्यास ते कार्यालय भारतातील जर्मन दूतावासामार्फत दाखल्याची प्रत्यक्ष पडताळणी करून घेते, आणि तिला काही महिने लागू शकतात. ‘अपोस्टिल केले की झाले’ असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून सावध राहा. व्हिसा अर्जासाठी आपल्याला नेमके काय मागितले आहे ते लेखी यादीत पाहा आणि तेवढेच करा. विवाह प्रमाणपत्र आणि मुलीचा जन्मदाखला केवळ मराठीत असेल तर इंग्रजी प्रत मिळवा. जर्मन भाषांतर लागेल तेव्हा ते न्यायालयाने शपथबद्ध केलेल्या भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे लागते, घरी किंवा यंत्राने केलेले चालत नाही.

सगळ्यांनी एकदम जावे की यजमानांनी पुढे जावे, असे तुम्ही विचारलेले नाही, पण निर्णय तुमच्यापुढे आहेच. माझे मत असे की त्यांनी सहा ते दहा आठवडे आधी जावे, कायमचे घर शोधावे, आणि तुम्ही दोघींनी त्या घरात उतरावे. पाच वर्षांच्या मुलीला एका हंगामात तीन घरे बदलायला लावू नये. ही ताटातूट डिसेंबरपलीकडे मात्र नेऊ नका, कारण त्याला कराचीही एक बाजू आहे. तुम्ही भारतात असेपर्यंत यजमानांच्या पगारावर एकट्या माणसाच्या, म्हणजे पहिल्या वर्गाच्या, दराने कर कापला जाईल. पती-पत्नी त्या कॅलेंडर वर्षात थोडे दिवस जरी दोघेही जर्मनीत रहिवासी म्हणून एकत्र असले, तरी त्या पूर्ण वर्षाचे एकत्रित विवरणपत्र भरता येते. तुमचा त्या वर्षातला भारतातील पगार कराचा दर ठरवताना विचारात घेतला जातो, तरीही एकच कमावता जोडीदार असलेल्या कुटुंबाचा या पद्धतीत बहुधा फायदा होतो. म्हणून जानेवारीच्या पहिल्या आठवड्याचे तिकीट काढण्याऐवजी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचे काढणे हिताचे ठरू शकते.

घर हा सर्वांत अवघड भाग आहे. जर्मनीत राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांच्या आत नागरिक कार्यालयात जाऊन पत्त्याची नोंदणी करावी लागते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. तिच्यासाठी ‘ही व्यक्ती माझ्या घरात राहायला आली आहे’ असे घरमालकाच्या सहीचे पत्र लागते, नुसता भाडेकरार पुरत नाही. मोठ्या शहरांत दोन आठवड्यांत वेळ मिळत नसेल तर मिळेल ती पहिली वेळ लगेच आरक्षित करावी आणि त्याची प्रत जपून ठेवावी. या एका नोंदणीवर पुढची सारी साखळी अवलंबून असते : नोंदणी झाली की 11 अंकी कर क्रमांक टपालाने घरी येतो, तो क्रमांक कंपनीला दिला नाही तर पगारातून सर्वांत चढ्या, सहाव्या वर्गाच्या, दराने कर कापला जाऊ शकतो, बँक खाते, विम्याचे कार्ड, निवास परवाना, मुलीची बालवाडी, सगळीकडे हाच नोंदवलेला पत्ता विचारला जातो. म्हणून तात्पुरती सुसज्ज खोली घेताना भाडे किती हे विचारण्याआधी ‘इथे पत्त्याची नोंदणी करता येईल का आणि तुम्ही ते पत्र द्याल का’ हे लेखी विचारा.

मी हे इतक्या आग्रहाने सांगते, कारण मी स्वतः ही चूक केली होती. आम्ही पहिली खोली एका भाडेकरूकडून पोटभाड्याने घेतली होती. नोंदणी झाली, पण खालच्या पत्रपेटीवर आमचे नाव लावायचे राहून गेले. जर्मनीत टपाल इमारतीतल्या फ्लॅटच्या क्रमांकावर नव्हे, तर पेटीवरच्या आडनावावर टाकले जाते. पेटीवर नाव नसेल तर पत्र परत जाते. आमचे कर क्रमांकाचे आणि विमा कार्डाचे पत्र असे परत गेले, आणि मुलाला ताप आला त्या आठवड्यात आमच्या हातात कार्ड नव्हते. घरात पाऊल ठेवाल त्याच दिवशी पेटीवर आणि दारावरच्या घंटेवर नाव लावा. कागदाच्या चिठ्ठीवर लिहून चिकटवले तरी चालते.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे दिसतील. काल्टमीटे म्हणजे निव्वळ भाडे, आणि वार्ममीटे म्हणजे त्यात बहुधा घर गरम ठेवणे (हीटिंग), पाणी, कचरा, जिन्याची सफाई असा खर्च धरून येणारी रक्कम; घरातली वीज आणि इंटरनेट सहसा त्याबाहेर असतात. अनामत रक्कम कायद्याने तीन महिन्यांच्या निव्वळ भाड्याहून जास्त घेता येत नाही आणि ती तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा भाडेकरूला हक्क आहे. पगार महिन्याच्या अखेरीस होतो हे लक्षात घेता, साधारण पाच महिन्यांच्या भाड्याइतकी रक्कम हाताशी ठेवून निघावे असा माझा सल्ला आहे. अनेक घरे स्वयंपाकघराच्या ओट्या-कपाटांशिवायच दिली जातात. जाहिरातीत बसवलेले स्वयंपाकघर असल्याचा उल्लेख आहे का ते पाहा, नाहीतर सिंक आणि शेगडीपासून सगळे तुम्हालाच घ्यावे लागेल. घरमालक शूफा या संस्थेचा पतअहवाल मागतात. नव्याने आलेल्या माणसाचा असा इतिहास नसतो, तेव्हा नोकरीचा करार, नियोक्त्याचे पत्र आणि कुटुंबाची ओळख करून देणारे एक पानी जर्मन पत्र यांची एकत्रित फाइल तयार ठेवावी. घर प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एकही युरो पाठवू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असे सांगणारा माणूस फसवणारा असतो, याला मी अद्याप अपवाद पाहिलेला नाही.

भाडेकरारावर भाडेकरू म्हणून तुमचेही नाव घालण्याची विनंती करा. किल्ली घेताना घराच्या स्थितीचा लेखी तक्ता होतो. भिंतीवरचा प्रत्येक डाग, जमिनीवरची प्रत्येक चीर त्यात लिहून घ्या आणि छायाचित्रे काढा, कारण तीन महिन्यांची नोटीस देऊन घर सोडताना अनामत परत मिळणे त्यावर अवलंबून असते. थंडीतही दिवसातून दोन-तीन वेळा खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटे हवा बदलावी लागते. बंद घरात रोजचा वाफेचा स्वयंपाक आणि आत वाळत घातलेले कपडे यांमुळे भिंतींना बुरशी धरते, आणि तिच्या दुरुस्तीचा वाद भाडेकरूच्या गळ्यात येतो.

आरोग्य विम्याचा निर्णय यजमान रुजू होण्याच्या आठवड्यात घाईने घेतील, म्हणून तो आत्ताच तुम्ही दोघांनी बसून घ्या. वैधानिक, म्हणजे कायद्याने चालणाऱ्या सार्वजनिक, विम्यात पगाराच्या 14.6 टक्के मूळ हप्ता आणि त्यावर प्रत्येक विमा निधीचा थोडा अधिभार असतो आणि या दोन्हींचा निम्मा वाटा कंपनी भरते. तुम्हाला उत्पन्न नसेल तोवर तुम्ही आणि मुलगी त्याच हप्त्यात, वेगळे पैसे न देता, कुटुंब म्हणून सामावल्या जाता. वार्षिक पगार ठरावीक मर्यादेहून जास्त असेल (2025 मध्ये ती 73,800 युरो होती आणि ती दर वर्षी बदलते) तर खासगी विमा निवडण्याची मुभा मिळते, आणि तरुण अभियंत्यांना त्याचा आरंभीचा हप्ता आकर्षक वाटतो. पण खासगी विम्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा, आधीच्या आजारांची चौकशी वेगळी, आणि वय वाढेल तसा भार वाढण्याची शक्यता. शिवाय पुन्हा वैधानिक विम्यात येणे सोपे नसते आणि वयाची 55 वर्षे ओलांडल्यावर तो मार्ग जवळजवळ बंद होतो. एक कमावता, एक काम शोधणारी आणि एक लहान मूल अशा कुटुंबासाठी माझे मत निःसंदिग्धपणे वैधानिक विम्याच्या बाजूने आहे.

दुखणे आले की आधी कुटुंबाच्या डॉक्टरांकडे जायचे असते, आणि तज्ज्ञाची वेळ मिळायला कित्येक आठवडे लागू शकतात, म्हणून पोहोचल्यावर महिन्याभरात घराजवळच्या डॉक्टरांकडे आणि बालरोगतज्ज्ञांकडे नाव नोंदवून ठेवा. दवाखाना बंद असताना तातडीचे पण जिवावर बेतणारे नसलेले काही झाले तर 116117, आणि प्राणावर बेतल्यास 112 हे क्रमांक आहेत. तुम्ही या क्षेत्रातल्या आहात म्हणून औषधांबाबत एवढेच सांगते, की वैयक्तिक वापरासाठी जास्तीत जास्त तीन महिने पुरतील इतकीच औषधे नेता येतात, आणि सोबत घटकद्रव्याच्या नावाने लिहिलेली इंग्रजी चिठ्ठी असावी. दूध आणि मांस यांचे पदार्थ युरोपीय संघाबाहेरून सामानात नेण्यास मनाई आहे, त्यामुळे तुपाचा डबा आणि पेढे घरीच राहू द्या.

जर्मनीत आजही राज्यव्यवहार कागदावर चालतो. घरी येणारे प्रत्येक पत्र त्याच दिवशी उघडा, त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि फाइलमध्ये लावा. पिवळ्या पाकिटातून आलेल्या पत्रावर टपालवाल्याने पोहोचवल्याचा दिनांक लिहिलेला असतो आणि उत्तराची किंवा हरकतीची मुदत त्या दिवसापासून मोजली जाते, तुम्ही वाचल्यापासून नव्हे; ते पाकीटही फेकू नका. आकाशवाणी-दूरचित्रवाणीच्या वर्गणीचे पत्र आले तर ती फसवणूक समजू नका. घरात टीव्ही असो वा नसो, दर घरामागे ती भरावीच लागते, आणि 2021 पासून ती महिना 18.36 युरो आहे. दुसऱ्याचे नकळत केलेले नुकसान भरून देणारा दायित्व विमा सक्तीचा नाही, तरी तो घ्याच; तो स्वस्त असतो आणि घराच्या चावीपासून सायकलच्या धडकेपर्यंत उपयोगी पडतो. घरच्या इंटरनेटवरून टॉरेंटद्वारे चित्रपट उतरवले तर हक्कधारकांच्या वकिलांची शेकडो युरोंची मागणी घरी येते. भारतीय वाहन परवाना तिथे रहिवासी झाल्यापासून सहा महिनेच चालतो, त्यानंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा देऊन जर्मन परवाना काढावा लागतो.

मुलीची काळजी तुम्ही करता त्याहून थोडी कमी करा, पण तिची कागदपत्रे आणि तिला लागणारा वेळ यांची जास्त करा. हॅम्बुर्गमध्ये 1 जुलैपूर्वी सहा वर्षे पूर्ण होणाऱ्या मुलांना त्याच वर्षी ऑगस्टच्या सुमारास शाळेत जावेच लागते; घरी शिकवण्याची मुभा जर्मनीत नाही. तोपर्यंतच्या महिन्यांसाठी किटा, म्हणजे बालसंगोपन केंद्र, किंवा प्राथमिक शाळेतच भरणारा पूर्वतयारीचा वर्ग असे दोन पर्याय आहेत. हॅम्बुर्गमध्ये किटासाठी शहराकडून एक कूपन मिळते आणि दिवसाचे पाच तास निःशुल्क असतात. तरी मनासारख्या केंद्रात जागा मिळणे कठीण, म्हणून पत्ता निश्चित होताच परिसरातल्या सगळ्या केंद्रांना पत्रे लिहा. गोवराच्या लशीचा पुरावा मार्च 2020 पासून सक्तीचा आहे, तेव्हा दोन्ही मात्रांच्या तारखा असलेले लसीकरण कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा. किटात मुलाला एकदम सोडून जात नाहीत. पहिले दोन-तीन आठवडे आई किंवा वडील सोबत बसतात आणि वेळ हळूहळू वाढवतात. त्या महिन्यात तुम्ही कोणताही वर्ग किंवा मुलाखत ठरवू नका, किंवा त्यातला निम्मा वेळ यजमानांनी रजा काढून द्यावा. मुलगी सुरुवातीचे काही महिने तिथे एक शब्दही बोलणार नाही अशी शक्यता आहे. ती तेव्हा ऐकत असते. घरात तिच्याशी तुमची मोडकी जर्मन बोलू नका, भरपूर आणि चांगली मराठी बोला. जर्मन तिला शाळा देईल. मुलांसाठीचा भत्ता, किंडरगेल्ड, 2025 मध्ये दर मुलामागे महिना 255 युरो होता. त्यासाठी स्वतंत्र अर्ज करावा लागतो आणि मागील थकबाकी फक्त सहा महिन्यांची मिळते.

आता तुमच्या व्यवसायाविषयी. यजमानांच्या क्षेत्रात पदवी आणि अनुभव दाखवला की नोकरी मिळते. औषधनिर्माता हा मात्र जर्मनीत नियंत्रित व्यवसाय आहे. आप्रोबाट्सिओन नावाचा राज्याचा परवाना असल्याशिवाय तिथे औषधालयात फार्मासिस्ट म्हणून काम करता येत नाही. तिथला अभ्यासक्रम विद्यापीठातील चार वर्षे आणि प्रत्यक्ष प्रशिक्षणाचे एक वर्ष असा आहे, तेव्हा आपल्या चार वर्षांच्या पदवीत तफावत काढली जाण्याची आणि ज्ञानाची परीक्षा द्यावी लागण्याची शक्यता धरून चाला. भाषेसाठी सर्वसाधारण जर्मनची बी-2 पातळी (ए-1 ते सी-2 या भाषाज्ञानाच्या सहा युरोपीय पायऱ्यांतली चौथी), आणि त्यावर सी-1 पातळीची व्यावसायिक परीक्षा लागते, ज्यात रुग्णाशी आणि सहव्यावसायिकांशी बोलण्याची क्षमता पाहतात. परवाना मिळेपर्यंत मर्यादित मुदतीचा तात्पुरता व्यवसाय परवाना मिळण्याची सोयही आहे. हे सारे दोन ते तीन वर्षांचे काम आहे. हा आकडा ऐकून खचू नका; तुमच्या हातात त्यानंतरची पंचवीस वर्षे आहेत.

या रस्त्याचा सर्वांत वेळखाऊ टप्पा जर्मनीत नव्हे, तर तुमच्या महाविद्यालयात आहे. प्रत्येक विषयाचे तास दाखवणारा, तुम्ही शिकलात त्याच वर्षांचा, विद्यापीठाच्या शिक्क्याचा अभ्यासक्रम मिळवा. गुणपत्रिका, पदवी, राज्य औषधनिर्माण परिषदेची नोंदणी, तुमच्याविरुद्ध कोणतीही शिस्तभंगाची कारवाई नसल्याचे परिषदेचे प्रमाणपत्र आणि रुग्णालयाचे अनुभवपत्र घ्या. या पत्रात ‘काम केले’ इतकेच नको, कोणते काम, आठवड्याला किती तास, हे हवे. चांगल्या वर्तनाचे ते प्रमाणपत्र अर्जाच्या वेळी ताजे लागते, म्हणून ते परदेशातून कसे मागवायचे हे आत्ताच विचारून ठेवा. इथली नोंदणी नूतनीकरण करत राहा, ती सोडू नका. हॅम्बुर्गमध्ये परदेशी पदव्यांच्या मान्यतेबाबत विनामूल्य सल्ला देणारे केंद्र आहे, पहिल्या दोन महिन्यांत तिथली वेळ घ्या. दरम्यान औषध कंपन्यांचे औषध-सुरक्षा, चाचणी आणि नियामक विभाग असतात. तिथे हा परवाना सहसा लागत नाही आणि इंग्रजीवरही काम मिळू शकते. परवान्याचा प्रयत्न चालू ठेवून हा मार्ग धरता आला तर माझ्या मते तो उत्तम, कारण दोन वर्षे नुसत्या भाषेच्या वर्गात बसणे नऊ वर्षे काम केलेल्या स्त्रीला आतून पोखरते.

व्हिसाला भाषा लागत नाही या सवलतीचा लाभ घेऊ नका. यजमानांच्या कचेरीत इंग्रजी चालेल. किटातील शिक्षिका, जिन्यातील शेजारी, डॉक्टरांच्या स्वागतकक्षातील बाई हे सगळे तुमच्या वाट्याला येणार आहेत, आणि ते जर्मन बोलतील. इथूनच पहिली पातळी पुरी करा आणि तिथे गेल्यावर फोल्क्सहोखशूले या सार्वजनिक प्रौढशिक्षण संस्थेत वर्ग लावा. त्या वर्गाचा वेळ हा घरच्या अंदाजपत्रकातला पक्का खर्च समजावा; मुलगी आजारी पडली की दर वेळी तुमचाच वर्ग बुडेल असे होऊ देऊ नका. तुम्ही पहिल्याच हिवाळ्यात पोहोचणार आहात. डिसेंबरात हॅम्बुर्गला सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही आणि दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो, आभाळही बहुतेक दिवस भरलेले असते. मन जड झाले तर तो तुमचा दुबळेपणा समजू नका. रोज दुपारी उजेड असताना तासभर बाहेर पडा, आणि हे पंधरवड्याहून अधिक टिकले तर डॉक्टरांना सांगा.

सासूबाईंविषयी तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, त्यावरून ते किती मनाला लागले आहे हे कळते. त्यांच्या आजारांची, औषधांची आणि विम्याच्या कागदांची एक वही करा आणि ती त्यांच्या घराजवळ राहणाऱ्या अशा एका व्यक्तीकडे द्या, जिने हो म्हटले आहे. ‘सगळे आहेत ना’ या भरवशावर जाऊ नका, कारण रात्री दोनला सगळे नसतात. पर्यटक म्हणून त्या कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस तुमच्याकडे राहू शकतील, त्यासाठी किमान 30,000 युरोंचे संरक्षण देणारा प्रवास विमा लागतो. ज्यांना ब्लू कार्ड 1 मार्च 2024 रोजी किंवा त्यानंतर प्रथमच मिळाले आहे, त्यांना आईवडिलांना कायम राहण्यासाठी बोलावण्याची कायद्यात तरतूद झाली आहे, पण त्यांचा निर्वाह आणि आरोग्य विमा यांची पक्की सोय दाखवावी लागते, आणि वृद्धांना असा विमा मिळणे हाच मोठा अडसर आहे. त्यांना आशा लावण्यापूर्वी विम्याची चौकशी पूर्ण करा. तसेच नोकरीसाठी देश सोडल्यावर परकीय चलन व्यवस्थापन कायद्यानुसार तुमची साधी बचत खाती अनिवासी खात्यांत बदलावी लागतात. सासूबाईंच्या खर्चाचे पैसे ज्या खात्यातून जातात, त्याची ही व्यवस्था आणि आवश्यक ते मुखत्यारपत्र निघण्यापूर्वीच करून ठेवा.

तिथेही संयुक्त खात्यात तुमचे नाव असू द्या, आणि स्वतःचे वेगळे खातेही उघडा. परवान्याचा अर्ज तुम्ही कराल तेव्हा पदवी माहेरच्या आडनावाची आणि पासपोर्ट सासरच्या आडनावाचा असल्यामुळे, पत्र कोणत्या नावाने येईल ते सांगता येणार नाही. म्हणून पत्रपेटीवर एकाखाली एक दोन्ही आडनावे लावा.